आधी मान धरते, मग डोकं उठतं: काम न सोडता हे दुखणं सांभाळायचं कसं?

गोंडेवाली_वडगाव
नमस्कार मंडळी. मी बेळगावात वडगावला राहते. आमच्या भागात घरोघरी माग, आणि ज्यांच्या घरी माग नाही त्या बायका साड्यांना गोंडे लावतात. मी १४ वर्षं तेच करते. पदर पाटावर ताणायचा, वर वजन ठेवायचं, सुटे धागे मोजून घ्यायचे, पीळ द्यायचा, गाठ मारायची, की पुढचे धागे. एक पदर होईपर्यंत मान वर होत नाही.

दोन वर्षं झाली, दुपारी तीन-चारच्या सुमाराला उजव्या बाजूला, मान आणि कवटी जिथं मिळते त्या खळगीत कळ धरते. तिथून कानामागून वर चढते आणि दिवेलागणीपर्यंत उजव्या डोळ्यामागं येऊन बसते. कायम उजवीच बाजू. उलटी नाही, उजेडाचा त्रास नाही. पण रस्ता ओलांडताना उजवीकडं बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागतं.

एक्स-रे काढला. कागदावर लिहून आलं, मणक्यांची झीज. डॉक्टरांनी गळ्यात पट्टा दिला, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, मान खाली घालायचं काम सोडा. मला काम सोडायचं नाही. पैसे लागतातच, मुलगी डिप्लोमाला आहे. पण ते सोडूनही, हे काम मला येतं आणि मनापासून आवडतं. कुणाला असा त्रास होता का? काम चालू ठेवून तो आटोक्यात आणलाय का कुणी?

निपाणीकर_७२
ताई, तुमचं वाचताना माझी आई डोळ्यासमोर आली. निपाणीत विड्या वळण्यात तिचं आयुष्य गेलं. मांडीवर सूप, मान सुपात, हजार विड्या झाल्याशिवाय उठायचं नाही. तिचंही डोकं मागून पुढं यायचं. ती मेडिकलमधून डोकेदुखीची गोळी आणायची. आधी आठवड्यातून एक, मग रोज एक, मग सकाळी चहाबरोबर एक आणि रात्री एक. शेवटी अशी गत झाली की गोळी घेतली नाही तर डोकं दुखायचं आणि घेतली तरी दुखायचं.

कोल्हापूरला एका न्यूरॉलॉजिस्टना, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांना, दाखवलं तेव्हा कळलं की आता गोळ्यांमुळेच डोकं दुखतंय. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की हे होऊ शकतं. दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळीला तर महिन्याचे १० दिवसही पुरतात. त्यांच्या देखरेखीखाली गोळ्या बंद केल्या. पहिले दोन आठवडे आईनं फार सोसलं, नंतर उतार पडला. म्हणून आधी कॅलेंडर घ्या आणि ज्या दिवशी गोळी घेतली त्या दिवसावर फुली मारा. महिनाअखेरीला मोजा.

मलप्रभाकाठ
अक्का, झीज म्हटलं की काळजात धस्स होतंय, मला म्हाईत हाय. आम्ही खानापूर तालुक्यातले. भाताच्या लावणीला वाकून, परत जनावरांना गवताचे भारे डोक्यावरून आणायचे. माझी मान धरली तवा मीबी फिल्म काढली. तसंच लिवलेलं. माझ्या थोरल्या भावानं काय दुखत नसताना दुसऱ्याच कारणानं फिल्म काढली तर त्याच्यात माझ्यापेक्षा जास्त झीज! त्या दिवसापासनं मी कागदाला भ्यायचं सोडलं. भारे मात्र आता गाडीवरनं आणतो. डोक्यावर घेतच न्हाई.

फिजिओ_टिळकवाडी
वरच्या भाऊंचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. चाळिशीनंतर कसलंच दुखणं नसलेल्या माणसांच्या फिल्ममध्येही मणक्यांची झीज दिसते. केस पांढरे होतात तसंच ते. फिल्मवरून दुखण्याचं कारण ठरत नाही, तपासणीवरून ठरतं.

गोंडेवाली ताई, तुमचं वर्णन मानेतून उठणाऱ्या डोकेदुखीशी बरंच जुळतं. कायम एकच बाजू, सुरुवात मानेत, मान एका स्थितीत राहिली की वाढणारी, आणि त्याच बाजूला मान कमी वळणारी. या दुखण्याला स्वतंत्र नाव मिळालं ते १९८३ साली, ओटार स्यास्टाड नावाच्या नॉर्वेच्या न्यूरॉलॉजिस्टमुळं. 'सर्व्हायकोजेनिक हेडेक' म्हणतात.

दुखणं मानेत असताना डोळ्यामागं का कळतं, हे प्रत्येक रुग्ण विचारतो. मानेत सात मणके. त्यातल्या वरच्या तीन नसांकडून येणारी वेदना मेंदूच्या देठात जिथं पोचते, तिथंच चेहऱ्याची आणि कपाळाची नसही येऊन मिळते. दोन गल्ल्यांचं पाणी एकाच गटारीत यावं तसं. वेदना कुठल्या गल्लीतून आली हे मेंदूला कळत नाही आणि तो डोळ्याकडं बोट दाखवतो. डोळा बिचारा ठणठणीत असतो.

आम्ही एक तपासणी करतो. रुग्णाला उताणं झोपवून हनुवटी छातीकडं पूर्ण वाकवायची आणि तशीच मान डावी-उजवीकडं फिरवायची. खालचे सांधे वाकल्यानं अडकलेले असतात, त्यामुळं फिरणं जवळजवळ सगळं पहिल्या दोन मणक्यांतून होतं. चांगल्या मानेत दोन्ही बाजूंना साधारण ४४ अंश मिळतात. दुखऱ्या बाजूला ३२-३३ च्या खाली आलं तर संशय पक्का होत जातो. हे घरी कुणाकडून करून घेऊ नका. जाणत्या हातांनीच करायचं.

आता व्यायाम. पाठीवर झोपा, डोक्याखाली पातळ घडी. 'हो' म्हणताना मान जेवढी हलते तेवढीच, हळू, हनुवटी गळ्याकडं घ्या. डोकं उचलायचं नाही. गळ्यावर दोन बोटं ठेवा. बाजूचे जाड स्नायू दोरीसारखे ताठ झाले तर जोर जास्त होतोय, निम्मा करा. १० सेकंद धरा, सोडा, असं १० वेळा, दिवसातून दोनदा. आतले स्नायू जागे करणारा हा व्यायाम दिसायला इतका किरकोळ आहे की लोक चार दिवसांत सोडून देतात. २००२ साली ऑस्ट्रेलियातली २०० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. सहा आठवडे असले हलके व्यायाम आणि हातानं सांधे सैल करण्याचे उपचार दिले होते. दोन्हींनी डोकेदुखी कमी झाली आणि वर्षभरानं पाहिलं तेव्हाही फायदा टिकून होता.

उद्यमबाग_लेथ
पट्ट्याबद्दल कुणीच बोललं नाही. मी लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर काम करतो. यंत्रावरच्या तुकड्याकडं वाकून बघायचं, २० वर्षं. मला पट्टा दिला होता तो मी चार महिने घातला, झोपतानासुद्धा. काढला की डोकं खांद्यावर राहीना, इतकी मान लुळी वाटायची. नंतरच्या फिजिओनं सांगितलं की स्नायूंना काम उरलं नाही म्हणून ते आळसावले. फार दुखत असेल तेव्हा दोन-चार दिवस थोडा वेळ घालायला हरकत नाही म्हणाले, पण सवय नको.

आणि त्या 'हो' म्हणायच्या व्यायामाचं सांगतो. पाचव्या आठवड्यापर्यंत मला शष्प फरक नव्हता. बायको म्हणाली म्हणून चालू ठेवला. सातव्या आठवड्यात एक दिवस गाडी मागं घेताना लक्षात आलं की मान वळली!

आजीचा_बटवा
सगळे व्यायाम व्यायाम करताय, पण आधी कळ थांबायला नको का? आमच्या शहापुरात जुने वैद्य मन्यास्तंभावर, म्हणजे मान धरण्यावर, ग्रीवा बस्ती करत. उडदाच्या पिठाचं आळं मानेवर करायचं, त्यात सोसवेल इतकं गरम तेल. माझी कळ त्यानं हमखास जायची. घरी तिळाचं तेल कोमट करून हलक्या हातानं लावायचं आणि नंतर टॉवेल गरम पाण्यात पिळून मानेवर ठेवायचा. हेही सोडू नका.

फिजिओ_टिळकवाडी
आजी, शेकाला माझा पूर्ण पाठिंबा. १५-२० मिनिटं शेकलं की आखडलेले स्नायू सैल होतात, आणि व्यायाम त्यानंतर केला तर सोपा जातो. फक्त शेकून थांबलं तर उद्या दुपारी तीन वाजता कळ परत हजर, एवढंच सांगणं.

चव्हाट_गल्ली
एक फार महत्त्वाचं सांगायचंय. मान धरली की आपल्याकडं माणूस केस कापायला जातो आणि शेवटी मान मोडून घेतो. कटकट आवाज आला की बरं वाटतं. माझ्या मावसभावानं एका सलूनमध्ये अशीच मोडून घेतली. घरी आला तो भिंत धरून. गरगरतंय, उलट्या, एकाचं दोन दिसतंय, बोलणं जड. घरच्यांना वाटलं पित्त झालं. सहा तास घालवले. मानेतली रक्तवाहिनी आतून फाटून मेंदूला झटका आला होता. आता चालतो, पण डावा हात अजून पूर्वीसारखा नाही. वय तेव्हा ३६. तेव्हापासून केस कापून झाले की मी खुर्चीवरून आधीच उठतो.

फिजिओ_टिळकवाडी
हे सांगितलंत ते फार बरं केलंत. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन रोहिणी मानेच्या वरच्या सहा मणक्यांच्या बाजूच्या भोकांतून वर जातात. झटक्यात पीळ दिला तर त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते. हे क्वचित होतं, पण झालं तर असं होतं. न्हावी असो, मालीशवाला असो की आणखी कुणी, मानेला झटका देऊ द्यायचा नाही.

आणि पुढचं काही असेल तर व्यायाम, शेक, सगळं बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा. एका क्षणात कळसाला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. ताप आणि मान ताठ. पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं. हातातली वस्तू निसटणं, शर्टाची बटणं लावता न येणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा जाणं. तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, त्यात कानशील हात लावल्यावर दुखतंय आणि चावताना जबडा भरून येतोय, तर त्याच दिवशी दाखवा. त्यात दृष्टी जाण्याचा धोका असतो.

येळ्ळूरगड
मी मूळ येळ्ळूरची, सध्या पुण्यात कंपनीत. माझी गोष्ट नेमकी उलटी, म्हणून लिहिते. मला तीन वर्षं 'तुझं मानेचंच आहे' असं सांगत होते, कारण डोकं दुखायच्या आधी माझी मान आखडायची. ट्रॅक्शन, म्हणजे वजन लावून मान ताणायचा उपचार घेतला, तीन उश्या बदलल्या. पण माझं डोकं ठणकायचं, कधी डावीकडं कधी उजवीकडं, पंख्याचा आवाज सहन व्हायचा नाही, अंधाऱ्या खोलीत पडून राहावं लागायचं, पाळीच्या आधी तर ठरलेलंच. अर्धशिशी होती! अर्धशिशीतही मान दुखते, बऱ्याच जणांची दुखते. औषधं बदलली आणि वर्षभरात मी माणसात आले. तर मान दुखते म्हणजे मूळ मानेतच, असं धरून चालू नका.

मास्तर_चिकोडी
उत्तम चर्चा. निवृत्त शिक्षक आहे, दोन गोष्टी सांगतो.

आपल्या भागात डॉक्टर बरेचदा कन्नड बोलणारे. माणसं भली असतात, पण आपल्या बायाबापड्या आत जाऊन नुसतं 'तले नोवु' म्हणतात, म्हणजे डोकं दुखतंय, आणि गोळी घेऊन बाहेर येतात. डोकं कुठून दुखायला लागलं हे सांगितलंच जात नाही. 'कुत्तिगे' म्हणजे मान. मानेच्या खळगीवर बोट ठेवायचं, 'कुत्तिगे' म्हणायचं आणि तेच बोट कानामागून डोळ्यापर्यंत न्यायचं. एवढं केलंत की भाषा आडवी येत नाही. माझ्या पत्नीचं निदान या एका बोटानं झालं. त्याआधी दीड वर्ष पित्ताची औषधं चालली होती.

दुसरं, गोंडेवाली बाई, आपलं वय विचारत नाही. पण जवळचा चष्मा शेवटचा कधी तपासलात?

गोंडेवाली_वडगाव
मास्तर, वय सांगायला काय झालं, ४३. चष्मा नाहीच मला. लांबचं स्वच्छ दिसतं. धागे मोजताना मात्र हल्ली ट्यूबलाईटच्या खाली सरकून बसते, आणि सुईत दोरा मुलगी ओवून देते.

मास्तर_चिकोडी
मग तपासून घ्याच. चाळिशी लागली की जवळचं धूसर होतं. आपण पेपर लांब धरतो, पण पाटावर ताणलेला पदर लांब कसा धरणार? माणूस मान वेडीवाकडी करून उजेडाची आणि नजरेची जागा शोधत बसतो. माझं उलट व्हायचं. दोन भिंगांच्या चष्म्यातून कॉम्प्युटरवर निकाल भरायचो, खालच्या भिंगातून दिसावं म्हणून हनुवटी वर. महिन्याभरात मान धरली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा चष्मा दिला.

जांबोटीचा_पाऊस
उशीचं कुणीतरी सांगा. माझ्या घरात दोन तट आहेत. बाबा म्हणतात उशीच नको, आई दोन घेते.

आजीचा_बटवा
शेवरीच्या कापसाची घ्या, उन्हात टाकली की पुन्हा फुगते. आमचा गादीवाला अजून दारात बसून पिंजून देतो.

उद्यमबाग_लेथ
कुशीवर झोपत असाल तर खांदा आणि कान यांच्यातलं अंतर भरेल एवढी उंच. उताणं झोपत असाल तर त्याहून पातळ. पालथं झोपू नका, रात्रभर मान एकीकडं वळलेली राहते. मी दुकानात तीन उश्यांवर आडवा होऊन, बायकोला मागून नाक आणि छाती एका ओळीत आहे का बघायला लावून घेतली. दुकानदार हसला, पण त्यानं पण नंतर तसंच बघितलं.

मलप्रभाकाठ
बाबांचं बी चुकत न्हाई आणि आईचं बी न्हाई मग. बाबा उताणं झोपत असतील आणि आई कुशीवर.

जांबोटीचा_पाऊस
अगदी तसंच आहे की हो! आज तह होणार घरात.

निपाणीकर_७२
दर अर्ध्या तासाला मान वर करा म्हणणं सोपं असतं. विडी वळणाऱ्या बाईला हजाराचा हिशोब पुरा करायचा असतो, घड्याळ कोण बघणार. आईला आम्ही एक सांगितलं होतं. २५ विड्यांचा कट्टा बांधला की मान सरळ, खांदे मागं, पाच श्वास, मग पुढचा कट्टा. वेळ लक्षात राहत नाही, कामाची गणती राहते. ताई, तुम्हीही गाठींवर लावून घ्या.

गोंडेवाली_वडगाव
आज बरोबर सात आठवडे झाले, म्हणून परत आले. सगळ्यांना सांगायचं राहून गेलं होतं.

कॅलेंडरवर पहिल्या महिन्यात १७ फुल्या निघाल्या. स्वतःच मोजून घाबरले. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी केल्या, या महिन्यात ४ आहेत. बीपी पण बघून घेतलं, ठीक निघालं. फिजिओकडं सहा वेळा गेले. उजवीकडं मान निम्मीच फिरत होती. 'हो'वाला व्यायाम सकाळी चूल पेटवायच्या आधी आणि रात्री झोपताना करते. तिसऱ्या आठवड्यात सोडून देणार होते, लेथवाल्या दादांचं वाचून टिकून राहिले.

चष्मा लागला, दीड नंबर. पहिल्या दिवशी घातला आणि रेशमाचा एकेक धागा वेगळा दिसला. मला रडूच आलं. मी इतकी वर्षं पदराकडं नाक नेऊन बसत होते ते दिसावं म्हणून, आणि मला वाटायचं काम बारीक आहे म्हणून वाकावं लागतंय.

निपाणीच्या दादांसारखं मी १० गोंड्यांवर ठरवलंय. दहा झाले की पाठ भिंतीला टेकवते, डोकं मागं भिंतीला लावते, पाच श्वास. शेजारच्या दोघी पण आता करतात. दिवसाला एखादा पदर कमी होईल वाटलं होतं, पण संध्याकाळचे जे दोन तास डोकं धरून पडायची ते आता कामाला मिळतात, त्यामुळं हिशोब तोच राहिला. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. आठवड्यातून एखाद्या दिवशी डोळ्यामागं येतं, लग्नाची घाई असली की दोनदा. पण उजवीकडं बघून रस्ता ओलांडते.

फिजिओ_टिळकवाडी
ताई, वाचून फार आनंद झाला. पाटाचं काय केलंत? जमिनीवरच आहे का अजून?

गोंडेवाली_वडगाव
नाही, मिस्त्रीकडून चार पायांचं बुटकं टेबल करून घेतलं. मांडी घालून बसल्यावर पाय खाली जातील एवढं. वरची फळी माझ्याकडं थोडी उतरती, देवळातल्या पोथीच्या व्यासपीठासारखी.

फिजिओ_टिळकवाडी
कोपरापासून किती उंच?

गोंडेवाली_वडगाव
चार बोटं वर. आधी कोपराला लावून केलं होतं, तरी मान जायची खाली. मग पायांखाली विटेचे तुकडे घालून घालून बघितलं आणि जिथं मान आपोआप सरळ राहिली तिथं मिस्त्रीला खूण करून दिली. बारीक कामाला थोडं उंचच लागतं.

मलप्रभाकाठ
अक्का, माप लिवून द्या की. आमची मंडळी बी ब्लाऊजला हात शिलाई करती, तिची बी मान धरायलीय.